तेहेतीस वर्षांचं खाकरणं

माझा आवाज परत आला आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे घशाच्या दुखण्यानं धास्तावलेलं कुणी हे वाचत असेल तर त्याला शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसायला नको. मला त्या दिवसांत असं आधीच सांगणारं कुणी भेटलं नाही. जो भेटायचा तो आपल्या कुणातरी चुलतसासऱ्याच्या घशाची गोष्ट सांगायचा, आणि तो सासरा गोष्टीच्या शेवटी हमखास मरायचा.

मी कुंभकोणमचा. इथल्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात तीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवतो. दुकानातले लोक मला 'राव सार' म्हणतात. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून होते असं घरात सांगतात. ते काय लिहायचे हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर तमिळ, असं आमचं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. माझी मुलगी रुक्कू पुण्यात दिली आहे. तिला आता आमची मराठी जुनाट वाटते, म्हणून हे लिखाण तिनं सरळ केलं. फक्त माझं आणि तिच्या आईचं बोलणं आहे तसंच ठेव, एवढं मी तिला बजावलं आहे. डॉक्टर आणि इतर मंडळी तमिळमधून बोलली, ते मी माझ्या परीनं मराठीत आणलं आहे.

घसा बसला

साडी विकणं म्हणजे बोलणं. घडी उलगडायला हात लागतो, पण गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून तोंड चालवावं लागतं. "हा पदर बघा अम्मा, तिरुभुवनमचा माग आहे," इथून जे सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत. आवाज थोडा दाटला की मी घसा खाकरून साफ करायचो आणि पुढची साडी उघडायचो.

पोंगलच्या गर्दीनंतर आवाज बसला. दरवर्षीच बसतो, आठवड्यात उठतो. यंदा उठेना. सकाळी बरा असायचा, दुपारी चिरका व्हायचा आणि संध्याकाळी नुसता वारा. घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटे, म्हणून मी खाकरे. खाकरल्यावर दोन मिनिटं बरं वाटे आणि मग पुन्हा अडके.

तेवढ्यात गल्लीतले सगळे वैद्य जागे झाले. समोरच्या अम्मांनी मिरी-तुळशीचा काढा आणून दिला. दुकानाच्या मालकांनी ताडाची खडीसाखर दिली. मरुदानल्लूरला भजनाला जाणारे माझे एक स्नेही म्हणाले, पहाटे उठून वरच्या पट्टीत गळा मोकळा सोडायचा, सगळा कफ निघून जातो. मी दोन दिवस सोडला. तिसऱ्या दिवशी होता तो वाराही गेला. आता माझ्या घशाच्या डॉक्टरबाईंना हे सांगितलं की त्या डोळे मिटून घेतात.

असे तीन महिने गेले. तीन महिने मी डॉक्टरकडे का गेलो नाही, हे कबूल करायला अजून लाज वाटते. मी भीत होतो. माझे वडील असेच घोगरे बोलायला लागले होते. तेव्हा मी कॉलेजात होतो. 'घसा आहे, बसतो,' असं म्हणत त्यांनी आठ महिने काढले. त्यानंतरच्या वर्षाबद्दल मी इथं लिहिणार नाही. पण रोज सकाळी पहिला शब्द तोंडातून निघाला की मला माझा आवाज ऐकू येत नसे, त्यांचा ऐकू येई.

सहा कॉफ्या

शेवटी बायकोनं मला नेलं. नेलं म्हणजे रिक्षा दारात उभी केली आणि माझी चप्पल उचलून त्यात ठेवली.

घशाच्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "दिवसाला कॉफी किती?"

"चार," मी म्हणालो.

"सहा," बायको म्हणाली.

त्यांनी सहा लिहिल्या. कुंभकोणमच्या माणसाला कॉफीवरून प्रश्न विचारणं हाच मुळात अन्याय आहे, पण तेव्हा बोलायला आवाज नव्हता. मग त्यांनी जीभ कापडात धरून एक बारीक कॅमेरा घशात घातला आणि समोरच्या पडद्यावर माझा गळा दाखवला. मला वाटलं होतं की आत काहीतरी भयंकर दिसेल. दिसलं ते ओलं, गुलाबी आणि अगदी साधं. दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करत होत्या. आणि डाव्या पट्टीच्या मागच्या टोकाशी मसुरीच्या डाळीएवढा एक लालसर दाणा होता.

"हा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक साधाच आहे. पोटातलं आंबट वर येतं, त्यानं घसा पोळतो. आणि तुम्ही खाकरता. इथं बसल्यापासून पाच वेळा खाकरलात."

"सगळेच खाकरतात."

"आता सहा. खाकरलं की ह्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात. जखम तिथंच आहे." मग त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "तुमच्या वडिलांचं तुम्ही सांगितलंत, म्हणून तो दाणा काढून तपासून घेऊ या. तंजावरला करू. पण एक आत्ताच सांगते, काढला तरी खाकरणं थांबलं नाही तर परत येईल. पुन्हा काढला तर पुन्हा येईल. आणि असं होत राहिलं तर आवाज पूर्वीसारखा राहणार नाही."

ह्यातलं मला फक्त 'तपासून घेऊ' ऐकू आलं. बाकीचं सगळं बायकोला ऐकू आलं.

तंजावरचे दोन दिवस

इस्पितळात आजारापेक्षा वाट पाहणंच जास्त असतं. सकाळी उपाशी ठेवलं. नऊचं अकरा झालं. माझ्या शेजारच्या खाटेवर नाकाचं हाड वाकडं असलेले एक बस कंडक्टर होते. तेही उपाशी होते, आणि आम्ही दोघं मिळून शहरातल्या कुठल्या हॉटेलचा वडा चांगला ह्यावर वाद घालत बसलो. मी बोलू नये म्हणून नर्सनं दटावलं, तर ते एकटेच दोन्ही बाजूंनी वाद घालू लागले. माझी बाजू त्यांनी माझ्याहून चांगली मांडली.

बायको खाटेच्या कडेला बसली होती. एकदम म्हणाली, "तीन महिने तुम्ही भ्यालांत. मज कां नाहीं सांगितलेंत?"

"तुज भिववायचें नव्हतें."

"मग मी काय भ्यालें नव्हतें? तुमचे बाबा कसे गेले तें मज ठाऊक नाहीं कां? रोज सकाळीं तुमचा पहिला शब्द ऐकायास मी दाराआड उभी राहत होतें."

ती रडली नाही. चादरीचा कोपरा ओढून नीट करत राहिली. तेहेतीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं एकाच भीतीला दोन खोल्यांतून भीत होतो. मी तिचा हात धरला. आम्ही असं चारचौघांत कधी करत नाही. कंडक्टरसाहेबांनी भला माणूस म्हणून भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग मला आत नेलं. उलटे आकडे मोजायला सांगितले आणि जाग आली तेव्हा घसा खवखवत होता. नर्सनं पहिला चमचा गार पाणी दिलं. जन्मभरात घेतलेल्या सगळ्या कॉफ्या एकीकडे आणि तो चमचा एकीकडे. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या पहिल्या चमच्याची वाट पाहा, एवढंच सांगतो.

निघताना कागदावर लिहून दिलं: सात दिवस पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. खाकरायचं नाही. सातव्या दिवशी तपासणीचा अहवाल घ्यायला यायचं.

सात दिवस मौन

मी मौन पाळलं. ह्या बाबतीत माझ्यावर कुणी बोट दाखवू शकणार नाही. रुक्कूच्या लहानपणीची पाटी माळ्यावरून काढली. दारात माणूस आला की पाटी दाखवायची: 'डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय.' समोरच्या अम्मा ती वाचून स्वतःही हातवारे करून बोलू लागल्या. फोनवर रुक्कू एकटीच बोलायची आणि मी इकडून मान हलवायचो, ती तिला दिसत नसूनही.

मौनात माणूस फार आज्ञाधारक होतो. मी पेपर जाहिरातींसकट वाचला. चवळीच्या शेंगा निवडल्या. कॉफी दिवसाला एक. जेवणानंतर लगेच आडवं व्हायचं नाही. रात्रीचं जेवण लवकर. उशीखाली दोन जाड चादरी. सगळं कागदाप्रमाणे.

आणि अहवालाची भीती. ती कागदावर लिहिलेली नव्हती, पण तीही मी रोज वेळच्या वेळी घेत होतो.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटली. दुसऱ्या दिवसापासून बायको स्वयंपाकघरातून मधूनच डोळे वटारून बघायची आणि मग 'टक्' असा आवाज यायचा. थोड्या वेळानं पुन्हा 'टक्'. मला वाटलं, चटणीसाठी काहीतरी निवडत असेल. पाटीवर लिहून विचारायचा मला कंटाळा आला.

डबरा

सातव्या दिवशी डॉक्टरबाईंनी पाकीट उघडलं, कागद वाचला आणि मान वर करून म्हणाल्या, "साधा दाणा आहे. दुसरं काही नाही."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. बायकोनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जरा जोरातच. पुसता पुसता तिचेही डोळे वाहत होते. बाबा गेल्यापासून माझ्या मानेवर जे काही बसलं होतं ते त्या क्षणी उतरलं, एवढंच सांगता येतं.

मग डॉक्टरबाईंनी पुन्हा कॅमेरा घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. जिथून दाणा काढला होता ती जागा अजून लालभडक होती. सात दिवसांत जेवढी भरायला हवी होती तेवढी भरली नव्हती.

"तुम्ही बोललात?"

मी पाटीवर ठसठशीत लिहिलं: 'एक शब्द नाही.' आणि अभिमानानं बायकोकडे पाहिलं, साक्षीसाठी.

बायकोनं पिशवीत हात घातला आणि आमच्या घरचा पितळी डबरा काढून टेबलावर ठेवला. डबरा म्हणजे आमच्याकडे ज्यात कॉफीचा पेला ठेवून देतात ती खोलगट वाटी. ती चिंचोक्यांनी काठोकाठ भरली होती.

"हे काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"खाकरणीं," बायको मराठीतच म्हणाली, आणि मग तमिळमधून समजावलं. "दर वेळेला एक चिंचोका टाकला. हे फक्त कालचे. सगळ्या दिवसांचे आणले असते तर पिशवी फाटली असती."

मी पाटीवर घाईनं लिहिलं: 'पण ते बोलणं नव्हे!'

ही माझी चूक. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, मी ते वाचलंही होतं, पण मला मनापासून वाटत होतं की खाकरणं म्हणजे काही आवाज वापरणं नव्हे. ते आपोआप होतं. मौन मोडायला शब्द लागतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "राव सार, तुम्ही सात दिवस गप्प बसून मोठ्यानं ओरडत होता." आणि त्यांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई बसत.

भाषांतर

ह्या बाई चाळिशीच्या, हसतमुख. त्यांनी डबऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि मग नेमका प्रश्न बायकोला विचारला. "हे खाकरतात ते कधी कधी?"

बायको सांगू लागली आणि मी ऐकत राहिलो. एकदा बारीक खाकरले तर कॉफी. दोनदा लागोपाठ, तर दारात कुणी आलंय, बाहेर ये. लांब आणि शेवट ओढलेलं, तर चप्पल घातली, निघतोय. जेवताना, तर आमटीत मीठ कमी. टीव्हीपुढे, तर आवाज लहान कर. देवळातून परत येताना गल्लीच्या तोंडाशी, तर दार उघड.

"आणि काही दुखतं म्हणून?"

"तसें कधीं ऐकलें नाहीं," बायको मला म्हणाली. मग बाईंना तमिळमध्ये तेच सांगितलं.

खरं सांगतो, मला हे माहीत नव्हतं. मी करत होतो, पण माहीत नव्हतं. हे मला बाबांकडून आलं. आमच्या घरात बायकोचं नाव वडीलधाऱ्यांसमोर घ्यायची रीत नव्हती. बाबा दारात खाकरले की आई कॉफी ठेवायची. लग्न झालं तेव्हा आई घरात होती, आत्या होती, म्हणून मीही खाकरलो आणि बायको आली. तेवढ्यानं काम भागलं. पुढे आत्या गेली. आई जाऊनही बारा वर्षं झाली. घरात लाजावं असं आता कुणीच उरलं नाही, पण मी खाकरतोच आहे.

बाईंनी विचारलं, "मग तुम्ही ह्यांना हाक कशी मारता?"

मी पाटी उचलली आणि काहीच न लिहिता परत खाली ठेवली.

संप

आता हळू आणि थोडंच बोलायची परवानगी मिळाली. घशात अडकल्यासारखं वाटलं की खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. पाणी नसेल तर नुसतं गिळायचं. एवढाच उपाय. ऐकायला सोपा वाटतो. करून बघा. पहिले चार दिवस मला घशाखेरीज जगात दुसरं काही सुचत नव्हतं. पण गिळलं की ती खाज दहा-बारा श्वासांत आपोआप विरते, हे मला पाचव्या दिवशी कळलं. कुणी सांगून पटत नाही, ते स्वतःच्या घशालाच पटावं लागतं.

बायकोनं दुसरा उपाय केला. तिनं संप पुकारला. "खाकरलांत तर मी येणार नाहीं," एवढं सांगून ती आत गेली. मी सवयीनं बारीक खाकरलो. कॉफी आली नाही. 'टक्' तेवढं आलं.

मग मी टाळी वाजवली. ती येऊन म्हणाली, "मी काय पारवा आहें कां, उडवायास?"

दुसऱ्या दिवशी देवघरातली घंटा वाजवली.

"अय्यय्यो! आतां आरती पण करा."

पेला डबऱ्यावर आपटून पाहिला. त्यावर ती येऊन पेलाच उचलून घेऊन गेली. शेवटी मी उठून स्वयंपाकघरात जायला लागलो. तेहेतीस वर्षांत मी त्या खोलीत एवढ्या वेळा गेलो नव्हतो. तिथं खिडकीतून शेजारच्यांचं शेवग्याचं झाड दिसतं, हे मला तेव्हा कळलं. ती तिथं उभी राहून दिवसभर काय बघते हेही कळलं. मग मी तिथंच एक स्टूल ठेवलं.

दिवसाचे चिंचोके कमी होत गेले. डबरा अर्धा झाला, पाव झाला. एका शुक्रवारी तळाला तीनच होते. बायको त्या दिवशी तिरुनागेश्वरमच्या देवळात जाऊन आली. नवस बोलली होती हे मला तेव्हाच कळलं. प्रसादाचा भात खाताना मी विचारलं, "देवास काय कबूल केलें होतेंस?" ती म्हणाली, "तें देवास ठाऊक आहे. तुम्ही पाणी प्या."

म

आवाज हळूहळू उघडायचा होता. बाईंनी ओठ मिटून गुणगुणायला शिकवलं, नाकात आणि ओठांवर झिणझिण्या येतील इतकं हलकं. मग त्या गुणगुणण्यातूनच शब्दात शिरायचं, धक्का न देता. म्हणून शब्द 'म'चा. त्यांनी तमिळमधले दिले: मरम, मळै, माडु. झाड, पाऊस, गाय. मी दोन आठवडे झाड, पाऊस, गाय म्हणत होतो. घसा ऐकत होता, पण माझं मन त्यात नव्हतं.

बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "असा एखादा शब्द घ्या जो तुम्ही घरात एरवीही दिवसातून वीस वेळा म्हणाल. तुमच्या भाषेतला. 'म'वरचा."

मला तो शब्द लगेच सुचला. तो शब्द माझ्या शेजारच्याच खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. माझ्या बायकोचं नाव मैथिली.

पण सुचणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. बाईंना मी 'बघतो' एवढंच म्हटलं. बसमध्ये म्हणणार होतो, तर समोरच्या सीटवर ओळखीचे निघाले. घरात म्हणणार होतो, तर तोंड उघडलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे कान तापले. आई फोटोतून बघत होती.

मग मी सराव करायला महामहम तळ्यावर जाऊ लागलो. सकाळी सहाला तिथं फारशी गर्दी नसते. पायरीवर बसायचं, ओठ मिटून गुणगुणायचं आणि पाण्याकडे बघत म्हणायचं, "म्‌... मैथिली." पहिल्या दिवशी निघालं ते फाटकं. चौथ्या दिवशी बरं. आठवड्यानं स्वच्छ निघालं, मलाच आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ. त्यात बाबांचा आवाज कुठंच नव्हता.

तिथं कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या एक अम्मा बसतात. वीस वर्षं त्यांच्याकडून बायको मोगरा घेते. त्या दिवशी त्या टोपली घेऊन माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सार, तुम्ही चांगले माणूस. म्हणून विचारते. ही मैथिली कोण?"

"माझी बायको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "राव अम्मा? त्यांचं नाव आहे होय हे?"

मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही. वीस वर्षं फुलं घेणाऱ्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांना कुठून कळणार? गल्लीतल्या कुणालाच माहीत नसणार. नाव कळतं ते हाक मारण्यानं.

रविवारी सकाळी

तो रविवार होता. दहा वाजले असतील. ती स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. मुद्दाम स्टुलावर नव्हतो, कारण हाक मारायची तर अंतर हवं. जवळ पाण्याचं भांडं ठेवलं. ओठ मिटले, गुणगुणलो, आणि त्यातूनच म्हणालो, "मैथिली."

खवणं थांबलं.

पुन्हा सुरू झालं नाही, पण कुणी आलंही नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी जरा मोठ्यानं, पण धक्का न देता म्हणालो, "मैथिली!"

ती घाईघाईनं बाहेर आली. हाताला खोबरं लागलेलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला ओलांडून सरळ पुढच्या दारात गेली, कडी काढली, आणि उंबऱ्यावर उभी राहून गल्लीत उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

"कोण आलें?" तिनं मला विचारलं. "तिरुप्पनंदाळचें कोण आलें?"

तिचं माहेर तिरुप्पनंदाळचं. तिचे आईवडील कधीच गेले. थोरला भाऊ होता. तो आला की चप्पल न काढता पायरीवरूनच तिला नावानं हाक मारायचा, आणि ती अशीच हातातलं टाकून धावायची. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर ह्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"कोणी नाहीं आलें," मी म्हणालो. "मी हाक मारलों."

ती दारातच उभी राहिली. दाराची कडी तिच्या हातात होती.

"काय पाहिजे?"

"कांहीं नको. त्या बाईंनीं सांगितलें आहे. दिवसाला वीस वेळा म्हणायाचें."

तिनं हळूच दार लोटलं. माझ्या समोरून आत गेली. तोंड फिरवून गेली, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. माझा घसा दाटून आला. आयुष्यभर अशा वेळी जे केलं तेच तो करू पाहत होता. मी भांडं उचललं आणि पाण्याचा घोट घेतला.

आत डबऱ्यात चिंचोका पडला, टक्. पाठोपाठ दुसरा.

"दोन झाल्या," मैथिली आतून म्हणाली. "अठरा राहिल्या."